पार्श्वभूमी : जुन्या कन्सोलचा ड्राइव्ह आणि त्यातले कुलूप

बंद पडलेला ड्रीमकास्ट किंवा सॅटर्न यांसारखा जुना कन्सोल (टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र) ‘पुन्हा जिवंत केला’ असे कोणी सांगतो, तेव्हा बहुधा त्याने यंत्रातला डिस्क ड्राइव्ह काढून त्या जागी मेमरी कार्ड वाचणारा एक छोटा बोर्ड बसवलेला असतो. या कामाला दुरुस्ती म्हणायचे, बदल म्हणायचे की कुलूप तोडणे म्हणायचे, यावर बरीच वर्षे वाद चालू आहे. वादाचे मूळ शोधायला फार मागे जावे लागत नाही. या कन्सोलमध्ये डिस्क वाचणे आणि डिस्क अस्सल आहे की नाही हे तपासणे ही दोन्ही कामे एकाच सुट्या भागाच्या भरवशावर सोपवलेली होती. तो भाग झिजला की दोन्ही कामे थांबतात आणि तो बदलला की दोन्ही कामांचे काहीतरी होते.

ड्राइव्हची झीज कन्सोलच्या जगात सीडीच्या आधीपासून आहे. १९८६ साली जपानमध्ये फॅमिकॉम या कन्सोलसाठी आलेल्या चुंबकीय डिस्कच्या जोडयंत्रात एक रबरी पट्टा होता. काही वर्षांत तो चिकट लगदा होऊन बसे आणि आजही ते यंत्र चालू करायचे म्हटले की पहिले काम पट्टा बदलण्याचेच असते. १९८८ मध्ये पीसी इंजिन या कन्सोलला आणि १९९१ मध्ये मेगा ड्राइव्ह या कन्सोलला (‘मेगा-सीडी’) सीडीची जोड मिळाली. त्या काळी कोरी सीडी आणि सीडी रायटर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते, त्यामुळे मेगा-सीडीच्या डिस्कवर नक्कल रोखणारी कसलीही खूण ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. डिस्कची किंमत आणि तिच्यात मावणारे साडेसहाशे एमबी हेच पुरेसे संरक्षण समजले गेले.

चित्र बदलले ते १९९४ च्या अखेरीस. २२ नोव्हेंबरला सॅटर्न आणि ३ डिसेंबरला प्लेस्टेशन जपानी दुकानांत आले आणि ड्राइव्ह हा कन्सोलचा जोडभाग न राहता गाभा झाला. सुरुवातीच्या प्लेस्टेशनमध्ये लेझर वाहून नेणारी घसरगाडी प्लास्टिकची होती आणि तिची जागा वीजपुरवठ्याच्या बोर्डाजवळ होती. उष्णता आणि घर्षण यांमुळे घसरगाडी एका बाजूला झिजे, लेन्सचा कोन किंचित कलंडे आणि चित्रफिती अडखळू लागत. असंख्य घरांत प्लेस्टेशन उलटा ठेवून किंवा एका कडेवर उभा करून खेळला गेला, तो याच कारणाने. गुरुत्वाकर्षणाने लेन्स तात्पुरती पुन्हा योग्य कोनात येई. पुढच्या मॉडेलांत उत्पादकाने लेझरची जागा बदलली आणि यंत्रणाही सुधारली, पण तोवर ‘लेझर गेला’ हा शब्दप्रयोग रूढ झाला होता. प्रत्यक्षात लेझर डायोड मंद होणे, वंगण वाळणे, दातेरी पट्टी घासणे आणि मोटरचा दांडा सैल होणे हे चार वेगळे आजार आहेत आणि शेवटचे तीन आजार लेझर न बदलताही बरे होतात.

त्या काळातला एक घरगुती उपाय इथे नोंदवला पाहिजे, कारण आज हातात येणाऱ्या अनेक ड्राइव्हची अवस्था त्यानेच ठरवली आहे. लेझरच्या जोडबोर्डावर एक बारीक फिरता रोधक (रेझिस्टर) असतो. तो स्क्रूड्रायव्हरने किंचित फिरवला की लेझरला अधिक प्रवाह मिळतो आणि अडखळणारी डिस्क चालू लागते. या उपायाने यंत्राला काही महिने मिळतात आणि डायोडची काही वर्षे जातात. ड्रीमकास्टच्या बाबतीत तर हा उपाय अनेकदा विनाकारण केला गेला. खेळता खेळता यंत्र आपोआप पुन्हा सुरू होण्याचा जो त्रास ड्राइव्हच्या माथी मारला जाई, त्याचे कारण पुष्कळदा वीजपुरवठ्याच्या जोडपिनांवर चढलेला गंज हे असे आणि त्या पिना स्वच्छ केल्या की काम भागे.

आता कुलपाकडे. प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कच्या आरंभीच्या पट्ट्यात माहितीचा सर्पिल मार्ग सरळ न जाता ठरावीक पद्धतीने हलकेच लचकतो. ड्राइव्हचा नियंत्रक या लचकण्यातून चार अक्षरे वाचतो. त्यांतले शेवटचे अक्षर डिस्क कोणत्या प्रदेशासाठी आहे हे सांगते. कोऱ्या डिस्कवरची खोबण आधीच ठरलेली असल्यामुळे सीडी रायटरला हे लचकणे उतरवता येत नाही. सॅटर्नच्या डिस्कवर कडेला एक वेगळे वलय असते. ते उघड्या डोळ्यांनी दिसते, पण घरच्या रायटरला लिहिता येत नाही. ड्रीमकास्टने १९९८ मध्ये निराळाच मार्ग धरला. त्याच्या जीडी-रॉम या डिस्कचा आतला भाग साध्या सीडीसारखा आहे आणि बाहेरच्या भागात माहिती इतकी दाट भरलेली आहे, की एकूण क्षमता सुमारे १ जीबीपर्यंत जाते. साध्या सीडी ड्राइव्हला हा बाहेरचा भाग असल्याचेच कळत नाही.

प्लेस्टेशनच्या कुलपावर उत्तर म्हणून मॉडचिप, म्हणजे यंत्रात वरून जोडायची एक छोटी चिप, आली. ती ड्राइव्हला हात लावत नसे. नियंत्रकाला ती चार अक्षरे स्वतःच ऐकवत राही. ड्रीमकास्टला तर चिपचीही गरज पडली नाही. संगीताच्या डिस्कवर थोडी दृश्ये आणि खेळ देण्यासाठी ठेवलेला एक आडमार्ग २००० च्या मध्यावर उघडकीस आला आणि साध्या सीडीवरून गेम चालू लागले. त्यासाठी चित्रफिती आणि आवाज यांची प्रत कमी करून गेम सातशे एमबीत कोंबले जात. नंतरच्या ड्रीमकास्टमधून हा आडमार्ग बंद करण्यात आला, पण मार्च २००१ मध्ये कन्सोलचे उत्पादनच थांबले. चोरीच्या प्रतींनी ड्रीमकास्ट बुडवला हे विधान सर्रास केले जाते. ज्या आर्थिक अडचणींनी उत्पादक आधीच घेरला गेला होता, त्या पाहता ते अर्धवट वाटते.

ड्राइव्ह पूर्णपणे काढून टाकण्याची कल्पना मात्र जुन्या कन्सोलच्या जगातून आली नाही. घरगुती संगणकांच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारे बोर्ड आधीपासून होते. कन्सोलच्या बाबतीत ‘ऑप्टिकल ड्राइव्ह एम्युलेटर’ किंवा थोडक्यात ‘ओडीई’ हा शब्द रुळला तो २०११ ते २०१३ या काळात आणि तोही तेव्हा बाजारात चालू असलेल्या एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ यांच्या संदर्भात. त्या यंत्रांचे ड्राइव्ह बिघडलेले नव्हते. त्यामुळे पहिल्या ओडीईंचा हेतू दुरुस्ती हा होता असे कोणी म्हणू शकत नाही. शब्दाला लागलेला हा डाग पुढे जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीलाही चिकटला.

शब्दाची दुसरी अडचण अधिक खोल आहे. ‘एम्युलेटर’ म्हटले की वाचकाच्या मनात संगणकावर चालणारा नकली कन्सोल येतो. ओडीईमध्ये कन्सोल अस्सलच राहतो. त्याचा प्रोसेसर, ध्वनिचिप, चित्रचिप यांतले काहीही बदलत नाही. नक्कल होते ती फक्त ड्राइव्हची. मदरबोर्ड ड्राइव्हला जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे आता लेन्सऐवजी एक प्रोग्रॅमेबल चिप देते. ड्रीमकास्टमध्ये हे सर्वांत सोपे ठरले, कारण त्याच्या ड्राइव्हचा मदरबोर्डशी होणारा संवाद संगणकातील सीडी ड्राइव्हच्या प्रचलित पद्धतीच्या जवळचा आहे. ‘आत कोणती डिस्क आहे?’ असे यंत्र विचारते आणि बोर्ड ‘जीडी-रॉम’ असे सांगतो. यात कुलूप तोडले गेले का? गुप्त किल्ली चोरलेली नाही, मदरबोर्डावरचा प्रोग्रॅम बदललेला नाही. जुना भाग जे उत्तर देत असे, तेच नवा भाग देतो. पण जुना भाग डिस्क पाहून उत्तर देत असे आणि नवा भाग काही न पाहता देतो, हाही मुद्दा खोटा नाही. माझ्या मते सगळा वाद याच दोन वाक्यांत आहे आणि कायद्याने त्यांतले एक निवडण्याचे आजवर कौशल्याने टाळले आहे.

न्यायालयांनी मात्र या प्रश्नाच्या जवळपास जाऊन पाहिले आहे. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये प्लेस्टेशनच्या मॉडचिपबाबत निकाल देताना म्हटले, की डिस्कवरची खूण आणि ती तपासणारी यंत्रणा हे कायद्याच्या अर्थाने संरक्षक तंत्र नाही, कारण ते नक्कल करण्यास अडवत नाही. नक्कल झाल्यानंतर ती चालवू मात्र देत नाही. पुढच्याच वर्षी तिथला कायदा बदलण्यात आला आणि निकालाचा आधार गेला. तरी नक्कल अडवणारे कुलूप आणि प्रवेश अडवणारे कुलूप हा त्याने काढलेला भेद नंतरच्या चर्चांत वारंवार परत आला.

अमेरिकेत प्रश्नाला वेगळे वळण लागले. तिथल्या १९९८ च्या कायद्याने प्रवेश अडवणारे कुलूप चुकवणे हीच गोष्ट निषिद्ध ठरवली. कुलूप कोणत्या हेतूने चुकवले याला फारसे महत्त्व दिले नाही. सोय इतकीच ठेवली, की दर तीन वर्षांनी सुनावणी होऊन काही कृतींना सूट मिळू शकते. २०१२ च्या फेरीत कन्सोलवर इतर सॉफ्टवेअर चालवण्यासाठी सूट मागितली गेली आणि ती नाकारली गेली. २०१८ मध्ये फोन, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्या दुरुस्तीसाठी सूट मंजूर झाली, पण गेम कन्सोल त्यातून वगळले गेले. कन्सोलचे कुलूप उघडले की चोरीच्या प्रतींना दार उघडते आणि दुरुस्तीसाठी उत्पादकाची सेवा आहेच, असा उद्योगाचा युक्तिवाद होता. ज्या यंत्रांची सेवा उत्पादकाने कधीच बंद केली आहे, त्यांच्याबाबत या युक्तिवादाच्या दुसऱ्या भागाचा अर्थ काय, हे त्यात सांगितलेले नव्हते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सूट मिळाली आणि तिची मर्यादाच आज सर्वाधिक चर्चेत आहे. ग्राहकांसाठी बनवलेल्या बहुतेक सर्व उपकरणांच्या दुरुस्तीला मोकळीक देताना कन्सोलसाठी एक वेगळे कलम घालण्यात आले : सूट फक्त ऑप्टिकल ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरती किंवा बदलण्यापुरती आणि काम संपल्यावर चुकवलेले किंवा बंद केलेले संरक्षण पूर्ववत करण्याच्या अटीवर. ड्राइव्हच का? कारण अलीकडच्या कन्सोलमध्ये प्रत्येक ड्राइव्ह आपल्याच मदरबोर्डाशी सांकेतिक किल्लीने जखडलेला असतो. दुसऱ्या यंत्रातला चांगला ड्राइव्ह आणून बसवला तरी तो गेम वाचत नाही. दुरुस्तीत कुलूप आडवे येते हे सुनावणीतल्या पुराव्यांवरून पटले, ते याच एका भागाबाबत.

हा निर्णय दुरुस्ती करणाऱ्यांचा विजय म्हणून साजरा झाला. जुन्या कन्सोलच्या दृष्टीने त्याचा उपयोग आश्चर्य वाटावे इतका थोडा आहे. ड्रीमकास्टचा किंवा पहिल्या प्लेस्टेशनचा ड्राइव्ह मदरबोर्डाशी जखडलेला नाही. तसाच दुसरा ड्राइव्ह बसवायला कसलेही कुलूप चुकवावे लागत नाही, त्यामुळे या सवलतीची गरजही नाही. अडचण अशी, की असे नवे ड्राइव्ह कोणी बनवत नाही आणि जुने सापडतात ते त्याच वयाचे व त्याच आजाराचे असतात. ओडीई ही अडचण सोडवतो, पण ‘संरक्षण पूर्ववत करा’ ही अट तो कशी पाळणार? अस्सल डिस्क पाहणारा डोळाच काढून टाकल्यावर पूर्ववत करायला उरते काय? शिवाय ही सूट केवळ कृतीला आहे. कुलूप चुकवणारे साधन बनवणे आणि विकणे यांवरची बंदी अशा सुनावणीत उठवता येत नाही. म्हणजे मालकाला काम करण्याची मुभा आहे आणि त्याला लागणारे साधन पुरवणाऱ्याला नाही. २०२४ च्या फेरीत ही सूट कायम ठेवली गेली, मर्यादेसकट.

दरम्यान जुन्या यंत्रांसाठीचे बोर्ड येत राहिले. ड्रीमकास्टचा ‘जीडीईएमयू’ हा २०१० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्वांत परिचित झाला होता. तो हाताने, लहान तुकड्यांत बनत असे आणि मागणी नोंदवण्याची खिडकी थोडाच वेळ उघडी राही, म्हणून त्याच्या परस्पर केलेल्या नकला बाजारात पसरल्या. नक्कल रोखण्याच्या कुलपाला बगल देणाऱ्या वस्तूचीच नक्कल झाल्याबद्दल तेव्हा बरीच कटुता निर्माण झाली. सॅटर्नसाठी ड्राइव्हच्या फीत-केबलच्या पिना वीस आहेत की एकवीस यावरून दोन वेगळे बोर्ड करावे लागले. नंतरच्या एका बोर्डाने मागच्या बाजूची व्हिडिओ कार्डाची खाच वापरून ड्राइव्ह जागेवरच राहू दिला. प्लेस्टेशनसाठीही मागच्या समांतर पोर्टात बसणारा एक प्रकार आला, पण शेवटच्या मॉडेलांत उत्पादकाने तो पोर्ट काढून टाकला असल्याने तिथे त्याचा उपयोग नाही. २०२० च्या सुमारास थेट मदरबोर्डावर सोल्डर करायचे बोर्ड मिळू लागले.

तांत्रिक अडचणी वाटतात त्याहून वेगळ्या निघाल्या. मेमरी कार्ड डिस्कपेक्षा वेगवान आहे ही सोय नसून कधीकधी अडचण असते, कारण काही गेम लेन्सला एका जागेहून दुसरीकडे सरकायला लागणारा वेळ गृहीत धरूनच लिहिलेले आहेत. बोर्डाला तो उशीर मुद्दाम करावा लागतो. डिस्कवरचे संगीत संगणकाच्या फाइलसारखे नसून साध्या ऑडिओ सीडीसारखे असते, तेही अखंड पुरवावे लागते. ड्रीमकास्टमध्ये बारा व्होल्टची वाहिनी प्रामुख्याने ड्राइव्हच्या मोटरसाठी होती. ड्राइव्ह गेला की तिच्यावरचा भार जातो, म्हणून तिथे एक रोधक जोडावा असे काही जण आग्रहाने सांगतात आणि त्याने उष्णताच वाढते असे इतर काही जण तितक्याच आग्रहाने सांगतात.

ड्राइव्ह आणि कुलूप यांची गाठ नव्या यंत्रांत सुटलेली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या सडपातळ आवृत्तीत डिस्क ड्राइव्ह प्रथमच मालकाने घरी, कोणत्याही हत्याराशिवाय काढावा आणि बसवावा असा केलेला आहे. मात्र नवा ड्राइव्ह बसवल्यावर तो त्या यंत्राशी जोडण्यासाठी एकदा इंटरनेटवरून उत्पादकाच्या सर्व्हरची संमती घ्यावी लागते.