म्हातारचळ म्हणून सोडून दिलेला आजार

घरातलं वयस्कर माणूस जेवून उठल्या उठल्या पुन्हा जेवायला मागू लागलं, की आपल्याकडे 'म्हातारचळ' हा शब्द तयार असतो. नाहीतर 'साठी बुद्धी नाठी' आहेच. एकदा वयावर ढकललं की डॉक्टरकडे न्यायचं कारण उरत नाही. पण ही चूक एकट्या आपली नाही. वैद्यकशास्त्रानंही ती कित्येक दशकं केली.

नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्ते डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी नाव विचारलं. 'आउगुस्ते.' आडनाव? 'आउगुस्ते.' नवऱ्याचं नाव? 'आउगुस्ते, बहुतेक.' ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय विचारल्यावर ती म्हणाली, पालक. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली पेशींतले गुंते आणि साचलेले थर दिसले. १९१० मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. मात्र बाई पन्नाशीची, म्हणून तो कमी वयात होणारा दुर्मीळ आजार ठरला. सत्तरीतल्यांचं ते नुसतं म्हातारपणच राहिलं.

१९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांना स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मेंदूतही तेच बदल सापडले. १९७६ मध्ये अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट काट्झमन यांनी रोखठोक लिहिलं, की हे दोन आजार नाहीत, एकच आहे.

शुश्रूषेचा विचार आणखी मागाहून आला. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड सांगत, की माणूस खचतो तो फक्त मेंदूमुळे नाही. त्याला खोटं सांगून गप्प बसवणं, लहान मुलासारखं वागवणं, यानंही खचतो. भारतात या रुग्णांसाठीची राष्ट्रीय पातळीवरची संघटना १९९२ मध्ये केरळात उभी राहिली. आज देशात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत असल्याचा अंदाज आहे.

टाळता येण्याची भाषा तर अगदी अलीकडची. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं २०१७ मध्ये ९ कारणं मोजली, २०२४ मध्ये १४. ती सगळी दूर झाली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा आजार उशिरा सुरू होईल, असा त्यांचा हिशेब. कागदावरचाच हिशेब तो, पण यादीत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, ऐकू न येणंही आहे. आणि कानाचं मशीन? 'आता या वयात कशाला' म्हणून कपाटात, डबीत.