गादीवाफा उंच कशासाठी?

मे महिन्यात आमच्या परसातल्या काळ्या मातीला अशा भेगा पडतात की मनगटापर्यंत हात आत जातो. जुलैत झड लागली की त्याच भेगा बुजतात, चिखल चपलेला सोडत नाही आणि चार दिवसांत मेथी पिवळी पडते. खत कमी पडलं असं वाटून माणूस युरिया टाकतो. पण मेथी उपाशी नसते, तिची मुळं गुदमरलेली असतात.

मराठवाड्याची ही माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातली माँटमोरिलोनाइट गटाची खनिजं म्हणजे एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म पापुद्रे. त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की माती फुगते, हवेच्या पोकळ्या मिटतात आणि मुळांना श्वासाला ऑक्सिजन उरत नाही. गादीवाफा, म्हणजे भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा, करायचा तो या हवेसाठी. आपल्याकडे सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर, म्हणजे मधे पाण्यासाठी सरी सोडलेल्या रुंद उंच पट्ट्यांवर, पेरतात तेही याचसाठी. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेत 1970च्या दशकात काळ्या जमिनीवर ही पद्धत अभ्यासली गेली.

पहिल्या वर्षी मी वाफ्याच्या तळाशी चांगली चार बोटं खडी घातली, निचरा व्हावा म्हणून. पालक कुजला. कारण समजून घ्यायला भांडी घासायचा स्पंज पुरतो. तो पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा. पुन्हा पाणी गळू लागतं. स्पंज तोच, फक्त पाण्याच्या स्तंभाची उंची वाढली. वाफा उंच केला की हेच होतं. बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात आणि खालचा थर तुडुंब भरेपर्यंत ते खडीच्या मोठ्या पोकळीत उतरत नाही. म्हणजे खडीमुळे ओला थर उलट मुळांच्या जवळ सरकतो. खडी नको, प्लास्टिकही नको. खालची जमीन टिकावानं वीतभर खणून मोकळी करा आणि भर थेट तिच्यावर घाला.

पण उंचीचा हव्यासही नको. बेचाळीस अंशांच्या उन्हात उंच वाफा चारी बाजूंनी सुकतो. नऊ इंच ते एक फूट पुरे. रुंदी चार फूट, म्हणजे दोन्हीकडून हात मधोमध पोचतो आणि वाफ्यावर पाय पडत नाही. पाय पडला की पोकळ्या गेल्याच. कडेला विटा लावा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडा; पत्रा उन्हात तापतो आणि कडेची मुळं भाजतात.

भरायला दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. तलावातला गाळ फुकट मिळतो म्हणून नुसता तोच भरू नका, तीही चिकणमातीच आहे. कच्च्या शेणातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. भुसा मातीत कालवू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गव्हाच्या भुशात एका भाग नायट्रोजनमागे सुमारे 80 भाग कार्बन असतो, तर कुजवणाऱ्या जिवाणूंना हे प्रमाण साधारण 25 लागतं. कमी पडलेला नायट्रोजन ते मातीतून ओढतात, रोपाच्या तोंडचा. तोच भुसा, पाचट किंवा सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरलेला भुसा) वर तीन बोटं अंथरली तर ही ओढाताण फक्त वरच्या पातळ थरात राहते आणि ओल टिकते. खत कुजत जाईल तसा वाफा खचतो. दर हंगामाला चार-पाच घमेली भर घालावी लागते.

आच्छादनाखाली पावसाळ्यात शंखी गोगलगाय दडते. 2022 साली लातूर, बीड, धाराशिवकडे तिनं कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री वाफ्याशेजारी टाका. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि बादलीतल्या मिठाच्या पाण्यात टाका. वाफ्यावर मात्र मिठाचा कणही पडू देऊ नका.

पाणी द्यायचं का, हे वरून कळत नाही. आच्छादन बाजूला सारून बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. माती बोटाला गार लागली तर आज झारी भरू नका.