चौकटीचा आकार कोणी ठरवला?

एखाद्या दृश्याचं विश्लेषण करायला बसलो की आपण चौकटीच्या आत बघायला लागतो. उजेड कुठून येतोय, माणूस मधोमध आहे की कडेला, मोकळी जागा किती सोडलीय. खुद्द चौकटीकडे सहसा लक्ष जात नाही. मांडणीचे बाकीचे सगळे निर्णय मात्र तिच्या आकारावर उभे असतात, आणि तो आकार दिग्दर्शकाने, छायाचित्रकाराने किंवा डिझायनरने स्वतः ठरवलाय असं फार क्वचित घडलंय. म्हणून समोरच्या चित्रातली निवड वाचण्याआधी तिथे निवडीला वाव तरी होता का, हे बघावं असं मला वाटतं.

सुरुवात एडिसनच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे काम करणाऱ्या विल्यम डिक्सनने १८९०च्या दशकाच्या आरंभी ७० मिलिमीटर रुंदीची ईस्टमन फिल्म मधोमध उभी चिरली आणि ३५ मिलिमीटरची पट्टी तयार केली. दोन्ही कडांना फिल्म पुढे सरकवण्यासाठी छिद्रं, एका चित्राला चार छिद्रांइतकी उंची. छिद्रांच्या मधे उरलं सुमारे एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच चित्र. ४:३ हे प्रमाण आलं ते असं. कलेत आदर्श मानलं जाणारं सुवर्ण गुणोत्तर म्हणतात त्या १.६१८ शी त्याचं काही नातं नाही. १९०९ साली अमेरिकेतल्या पेटंटधारक कंपन्यांच्या संघाने ही ३५ मिलिमीटरची फिल्म प्रमाण मानली आणि मूकपटांचा जवळजवळ सगळा काळ त्याच आयतात गेला.

मग बोलपट आले. आवाजाची पट्टी फिल्मवरच, चित्राच्या शेजारी छापायची ठरल्यावर तिला जागा चित्राच्या रुंदीतूनच द्यावी लागली. चौकट आक्रसून जवळपास चौरस झाली. १९३२ साली हॉलिवूडच्या अकादमीने तोडगा काढला: रुंदी गेलीच आहे, तर उंचीही थोडी छाटू. त्यातून १.३७:१ हे प्रमाण पक्कं झालं. म्हणजे १९३५च्या सिनेमातली ‘घट्ट, कोंदट’ चौकट हा दिग्दर्शकाचा कौल नव्हता. त्या काळात सगळे त्याच चौकटीत काम करत होते.

याच धांदलीत, १९३० साली, सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइनने हॉलिवूडमध्ये एक वेगळीच मागणी मांडली होती. रुंद पडद्याची चर्चा चालू असताना तो म्हणत होता की पडदा चौरस करा. सिनेमाने इतकी वर्षं फक्त आडव्या रचना केल्या. मनोरे, झाडं, उभा माणूस यांना न्याय दिलाच नाही. पडदा चौरस असेल तर त्यात हवं तेव्हा उभं आणि हवं तेव्हा आडवं चित्र बसवता येईल. त्याचं कोणी ऐकलं नाही. मला तरी या सगळ्या इतिहासात ती सर्वांत धाडसी सूचना वाटते, कारण आकार प्रसंगाने ठरवावा, यंत्राने नव्हे, असं त्याआधी इतक्या ठामपणे फारसं कोणी म्हटलं नव्हतं.

छायाचित्रणातला सर्वांत रुळलेला आयतही सिनेमाच्या याच पट्टीतून निघाला. जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाकने १९१३च्या सुमारास सिनेमाची फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा बनवला. सिनेमात फिल्म उभी सरकते, त्याने ती आडवी सरकवली आणि १८ बाय २४ मिलिमीटरच्या दोन चौकटी जोडून २४ बाय ३६ची एक केली. १९२५ साली तो लायका या नावाने बाजारात आला आणि ३:२ हे प्रमाण रूढ झालं. आजच्या बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांत तेच आहे. १९२९च्या रोलायफ्लेक्सने ६ बाय ६ सेंटिमीटरचा चौरस दिला, त्यालाही व्यवहाराचंच कारण. तो कॅमेरा पोटापाशी धरून वरून आत बघायचा असतो. असा कॅमेरा आडवा करून उभं चित्र घेणं गैरसोयीचं, म्हणून चौरस घ्या आणि नंतर हवा तसा कापा. पुढे छायाचित्रकार त्या चौरसाच्याच प्रेमात पडले आणि न कापता छापू लागले, ती गोष्ट वेगळी. २०१० साली इन्स्टाग्राम चौरस घेऊन आलं तेव्हा त्याला फोटो लगेच हातात देणाऱ्या झटपट कॅमेऱ्यांच्या जुन्या आठवणींचा वास होता. २०१५ मध्ये ती अट गेली.

सिनेमाचा पडदा रुंद झाला तो टीव्हीमुळे. टीव्हीने ४:३ उचललं होतं, त्यामुळे थिएटरला घरी न मिळणारं काहीतरी द्यावं लागणार होतं. १९५२ साली तीन प्रोजेक्टरांचा सिनेरामा आला, १९५३ साली सिनेमास्कोप. सिनेमास्कोपचं भिंग चित्र आडवं दाबून फिल्मवर उतरवायचं आणि प्रोजेक्टरचं भिंग ते पुन्हा पसरायचं. मूळ शोध आंरी क्रेतियाँचा, १९२०च्या दशकातला. सुरुवातीच्या भिंगांत क्लोजअपमधले चेहरे फुगलेले दिसत. त्यामुळे कॅमेरा मागे राहायचा आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी पात्रं एका रांगेत उभी केली जायची. रुंदीचा अर्थ लागायला थोडा वेळ गेला. १९५९च्या ‘कागज के फूल’मध्ये, भारतातल्या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटात, तो लागलेला दिसतो: रिकाम्या स्टुडिओत दोन माणसं लांब उभी, आणि मधलं अंतर कापत वरून उतरणारा छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींचा तो प्रकाशझोत. इतकं अंतर दाखवायला ४:३ पुरलं नसतं.

हेच सिनेमे पुढे टीव्हीवर आले तेव्हा बाजू कापल्या गेल्या. कापताना चौकट कुठे सरकवायची, हे दिग्दर्शक नव्हे तर टीव्हीसाठी प्रत तयार करणारा कोणी तंत्रज्ञ ठरवायचा. अशी प्रत पाहून रचनेवर लिहिलं, तर आपण त्या अनामिक तंत्रज्ञाच्या रचनेवर लिहीत असतो.

१६:९ हे आजचं प्रमाण म्हणजे तडजोड आहे. १९८०च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने प्रचलित प्रमाणांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकमेकांवर ठेवून पाहिले आणि सगळ्यांना सामावणारा मधला आकार शोधला. १.३३ (म्हणजे ४:३) आणि सिनेमास्कोपचं २.३५ यांचा गुणोत्तर मध्यही (गुणाकाराचं वर्गमूळ) १.७७च येतो.

डिजिटल काळात मात्र कुठलाही आकार सहज मिळतो, आणि खरी निवड इथे सुरू होते. वेस अँडरसनने ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’मध्ये (२०१४) वेगवेगळ्या काळांसाठी वेगवेगळी प्रमाणं वापरली, तिथे १.३७ दिसलं की १९३०चं दशक सुरू झालं असं समजायचं. जी एकेकाळी सक्ती होती, ती आता खूण झाली आहे.

वेबची गोष्ट उलट्या टोकाची. तिथे पानाला मुळात कडाच नव्हती. वाचणाऱ्याची खिडकी जेवढी, तेवढं पान. छापील पानाची सवय असलेल्या डिझायनरांना हे झेपेना. म्हणून १९९०च्या दशकात तक्ते आणि एक पिक्सेलची पारदर्शक चित्रं लावून मजकूर जागेवर खिळवला गेला. पुढे ९६० पिक्सेलची रुंदी रूढ झाली: १०२४ पिक्सेल रुंद मॉनिटरवर ती स्क्रोलबारसकट मावते आणि १२ किंवा १६ स्तंभांत निःशेष विभागते. त्या काळातली एखादी साइट मोठ्या पडद्यावर उघडली की दोन्ही बाजूंना रिकामे पट्टे दिसतात. त्यांना कोणी संयत सौंदर्यदृष्टी म्हणू नये. तो जुन्या मॉनिटरचा ठसा आहे.

२००७ साली ३२० बाय ४८० पिक्सेलचा आयफोन आला आणि ठरावीक रुंदीचा हिशोब कोलमडला. २०१० साली ईथन मार्कोट या वेब डिझायनरने खिडकीनुसार बदलणाऱ्या मांडणीला ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव दिलं. तेव्हापासून वेब डिझायनर एकच चित्र रचत नाही, तो रुंदी बदलली की कुठला भाग कुठे सरकेल याचे नियम रचतो. आणि फोनवरच्या उभ्या व्हिडिओचं ९:१६ म्हणजे पॉवर्सचा तोच तडजोडीचा आयत, हातात उभा धरलेला. आयझेनस्टाइनला हवा होता तसा उभं-आडवं दोन्ही दाखवणारा पडदा अखेर लोकांच्या हाती आला. फक्त तो कधी फिरवायचा, हे आता बघणाराच ठरवतो.