दारातली रांगोळी आणि मुलांची नजर

मुलांना सौंदर्याची गोडी लागावी म्हणून चित्रकलेचा क्लास शोधण्याआधी आपल्याच दारातला सडा-रांगोळी बघावी. खानापूर-निपाणीकडच्या घरांत अजूनही सकाळी आजी ठिपके मांडते आणि चार-पाच वर्षांची नात शेजारी उकिडवी बसते. तिच्या चिमटीतून रांगोळी भसकन सांडते. "अंगठा हलका ठेव की गं," आजी म्हणते, बोटाने जादाची रांगोळी बाजूला करते आणि पुढची ओळ तिलाच जोडायला देते.

नक्षीची ओढ तशी फार आधीपासून असते. तान्ही बाळंसुद्धा कोऱ्या पृष्ठभागापेक्षा नक्षीकडे जास्त वेळ बघतात, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी 1960च्या दशकात दाखवलं. पुढे 1968 साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी मांडलं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा नजरेखालून गेली तरी ती आवडू लागते. रोजच्या रांगोळीचं बळ यातच आहे. इरकली लुगड्याचा काठ, घासूनपुसून ओळीने लावलेली भांडी, हेही मूल रोज बघतच असतं.

पण ही आवड बक्षिसाने मारताही येते. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली, चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंगीत पेनं ठेवली, तेव्हा ज्यांना बक्षीस आधी कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रात रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. म्हणजे घात करते ती आधी दाखवलेली लालूच.

म्हणून गल्लीतल्या रांगोळी स्पर्धेत पोरांना जरूर उतरवा, पण घरच्या अंगणात "छान काढलीस तर चॉकलेट" हा सौदा नको. त्यापेक्षा "हा रंग इथे का भरलास?" असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. एखाद्या रविवारी बेळगावच्या किल्ल्यातली, 1204 साली बांधलेली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, दाखवा. तिथल्या छतातलं दगडी कमळ बघत मूल मान वर करून उभं राहिलं, तर "चल, उशीर होतोय" म्हणू नका. त्याचं बघून होईपर्यंत थांबा.