पदवी नसेल तर लष्करी वैमानिक होता येत नाही? खुलासा

अमेरिकेत लष्करी वैमानिक व्हायचं तर आधी पदवी, मग कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक) आणि त्यानंतर उड्डाण, हे पहिल्यापासून असंच आहे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चुकीचं आहे. शिवाय, वेगळ्या वाटेने आलेल्या माणसांचं कर्तृत्व त्यात पुसलं जातं.

दुसऱ्या महायुद्धाआधी एव्हिएशन कॅडेटला, म्हणजे वैमानिकाचं प्रशिक्षण घेणाऱ्या उमेदवाराला, दोन वर्षांचं कॉलेज किंवा त्या तोडीची परीक्षा लागे. जून १९४१ च्या कायद्याने साध्या सैनिकांनाही प्रशिक्षण खुलं झालं. ते कमिशनविना, सार्जंट म्हणूनच वैमानिक बनले. पर्ल हार्बरनंतर कॉलेजची अटही गेली आणि तिच्या जागी पात्रता परीक्षा आली. १९४२ मध्ये वॉरंट दर्जाचा, म्हणजे साधा सैनिक आणि कमिशन मिळालेला अधिकारी यांच्या मधला, ‘फ्लाइट ऑफिसर’ हा हुद्दा निघाला. चक येगर या वैमानिकाची वाट हीच. हायस्कूलपर्यंत शिकलेले येगर १९४१ मध्ये साधे सैनिक म्हणून भरती झाले, विमानांचे मेकॅनिक होते आणि १९४३ मध्ये फ्लाइट ऑफिसर झाले. १४ ऑक्टोबर १९४७ ला ध्वनीचा वेग ओलांडणारे ते हेच!

मग गैरसमज कुठून आला? बहुधा आजच्या नियमांवरून. हवाई दलाच्या वैमानिकाला आज पदवी लागते. हवाई दलाची अकादमी, आरओटीसी (कॉलेजात शिकतानाचं अधिकारी प्रशिक्षण) किंवा ओटीएस (अधिकारी प्रशिक्षण शाळा) यांतून तो आधी अधिकारी होतो. पण अमेरिकी भूदलात हायस्कूल झालेला उमेदवार आजही वॉरंट ऑफिसर म्हणून हेलिकॉप्टर वैमानिक होऊ शकतो. निवड कठीण असते, मात्र पदवीची सक्ती नाही.