गव्हावरचा मावा: पंप भरण्याआधी मोजणी

शिरोळ, हातकणंगले, कागल भागात गव्हाची पेरणी आधीच्या पिकावर अवलंबून असते. सोयाबीननंतरचा गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरून होतो. ऊस तुटून रान मोकळं व्हायची वाट पाहिली, तर डिसेंबर उजाडतो. जानेवारीअखेर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, वाढवणारी ढगाळ हवा पडते तेव्हा वेळेवरच्या गव्हाचा दाणा भरत आलेला असतो. उशिराचा अजून कोवळा, पोटरीत, म्हणजे ओंबी पानाच्या आवरणातच असते. त्यामुळे माव्याचा मोठा फटका उशिराच्या गव्हाला बसतो.

मावा इतक्या झपाट्याने का वाढतो? आपल्याकडच्या हवामानात त्याच्या मादीला नराची गरजच पडत नाही. ती अंडी न घालता थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठवडा-दहा दिवसांत स्वतः विऊ लागतात. गर्दी वाढली की पंखांचे मावे तयार होतात आणि वाऱ्यावर पुढच्या रानात जातात. झाडाच्या रसात साखर भरपूर, पण अमिनो आम्लं कमी. ती पुरेशी मिळावीत म्हणून मावा गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस पितो आणि उरलेली साखर बाहेर टाकतो. पानावरचा चिकटा तो हाच. त्यावर काळी बुरशी चढली की पान नीट अन्न तयार करू शकत नाही.

इथेच युरियाचा प्रश्न येतो. जादा नत्राने रसातली अमिनो आम्लं वाढतात, पान लुसलुशीत होतं आणि माव्याचं फावतं. उसाला सढळ हाताने युरिया द्यायची आपली सवय गव्हातही उतरते. उशिराच्या बागायती गव्हाला हेक्टरी ८० किलो नत्र, म्हणजे एकरी ३२ किलो, पुरेसं आहे. निम्मं पेरताना आणि निम्मं तीन आठवड्यांनी. हा दुसरा हप्ता एकरी ३५ किलो युरियाचा, म्हणजे ४५ किलोच्या एका पोत्याहूनही कमी.

शेजारी कडवळ (वैरणीची ज्वारी) किंवा वैरणीचा मका असेल तर त्या बांधाकडून पाहणी सुरू करा. निळसर हिरवा, काळ्या पायांचा मावा मका, ज्वारी आणि गहू या तिन्हींवर जगतो. वैरण वाळू लागली की तो गव्हाकडे वळतो. उसावरचा लोकरी मावा ही वेगळी जात आहे, त्याची इथे धास्ती नको.

आठवड्यातून एकदा, सकाळी, शेतात पाच ठिकाणी प्रत्येकी चार फुटवे पाहा. बांधालगतचा आकडा वेगळा लिहा, कारण सुरुवातीला मावा कडेलाच असतो. पोंगा (मधली गुंडाळलेली कोवळी पानं), पानाची खालची बाजू आणि ओंबी आली असेल तर तिच्या दाण्यांमधल्या फटी तपासा. सरासरी फुटव्यामागे १० च्या आत असेल तर थांबा. ओंबी बाहेर आल्यावर मात्र ओंबीमागे ५ झाले तरी सावध व्हा, कारण आता रस थेट दाण्याच्या वाट्याचा जातो. दाणा घट्ट होऊ लागला असेल तर फवारणीचा खर्च निघत नाही.

माव्याबरोबर मित्रकीटकही मोजा. लाल ढालकिडा सगळे ओळखतात, पण त्याची करडी-काळी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी अळी कीड समजून मारली जाते. खादाड तीच. हिरवट, बिनपायांची सिरफिड माशीची अळीही मावाच खाते. सोनेरी-तपकिरी फुगलेले, न हलणारे मावे दिसले तर त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशी वाढते आहे. हे सगळं बऱ्यापैकी दिसत असेल तर चार दिवसांनी पुन्हा मोजा. पुष्कळदा आकडा उतरलेला असतो. २००२ च्या सुमारास लोकरी माव्याने पश्चिम महाराष्ट्राचा ऊस ग्रासला, तेव्हाही डिफा या पतंगाच्या मावा खाणाऱ्या अळ्या आणि मायक्रोमस हा मित्रकीटक यांनीच मोठं काम केलं होतं. बांधाला मोहरीची एक ओळ टाकली तर तिच्यावरच्या माव्यावर ढालकिडे पोसले जातात आणि मोहरीचा मावा गव्हावर जात नाही.

आकडा चढताच असेल तर आधी ५ टक्के निंबोळी अर्क वापरा. ५ किलो निंबोळी पूड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून पिळायची, २०० ग्रॅम साबण घालायचा आणि पाणी १०० लिटर करायचं. गाळण्यात कुचराई केली की नोझल तुंबतो. तेवढ्याने भागलं नाही तर थायामेथोक्झाम २५ टक्के डब्ल्यूजी हे दाणेदार कीटकनाशक एकरी २० ग्रॅम, २०० लिटर पाण्यातून. १५ लिटरच्या पंपाला दीड ग्रॅम. वाढवून घेऊ नका. फक्त कडेला मावा असेल तर कडेचीच पट्टी फवारा. वारा पडल्यावर, संध्याकाळी काम करा आणि फुललेल्या मोहरीवर तुषार जाऊ देऊ नका, तिथे मधमाश्या येतात. उसात तणनाशक मारलेला पंप नीट न धुता वापरला तर माव्याआधी गहूच जळतो.

या औषधानंतर कापणीपर्यंत २१ दिवस जायला हवेत. २० मार्चला कापणी धरली तर शेवटची फवारणी २७ फेब्रुवारीपर्यंतच. बांधापलीकडच्या कडवळावर औषध उडालं असेल तर तेवढी पट्टी जनावरांना कापू नका.