गळदोरी, गुंफलेली

गळाने मासे धरण्यासाठी वापरली जाणारी, अनेक बारीक धाग्यांची वेणी घालून केलेली दोरी. दुकानात ती ‘ब्रेडेड’ म्हणूनच मागितली जाते. रेशीम व जवसाच्या सुताच्या गुंफलेल्या दोऱ्या जुन्या आहेत. १९३८ मध्ये नायलॉन जाहीर झाले आणि पुढे एकपदरी तंगूस आला, तेव्हा त्या मागे पडल्या. पॉलिएथिलिनामुळे गुंफलेली दोरी पुन्हा वापरात आली.

हे पॉलिएथिलीन पिशव्यांचे नव्हे. त्याचा रेणुभार सुमारे ३० ते ६० लाख असतो. रेणूंच्या इतक्या लांब साखळ्यांचा वितळलेला रस अतिशय घट्ट होतो, त्यामुळे त्यातून धागा काढता येत नाही. म्हणून डेकॅलिन या द्रावकात किंवा पॅराफीन तेलात त्याचा पातळ द्राव करतात. बारीक छिद्रांच्या चकतीतून हा द्राव दाबून काढून थंड केला, की जेलीसारखा तंतू मिळतो. द्रावक काढून टाकून हा तंतू वितळबिंदूच्या खाली तापवत ३० पट किंवा त्याहून अधिक ताणला, की गुंतलेल्या साखळ्या एका दिशेत येतात आणि ताकद त्यातूनच मिळते. तयार तंतूची घनता पाण्याच्या ०.९७ पट असल्याने दोरी पाण्यावर तरंगते.

या कृतीचे श्रेय सहसा नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीचे पॉल स्मिथ व पीट लेमस्ट्रा यांना देतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीचे हे काम. तथापि ग्रोनिंगेन येथील आल्बर्ट पेनिंग्ज यांनी त्याआधीच ढवळत्या द्रावातून, फिरत्या दंडगोलाच्या पृष्ठभागावर असे बळकट तंतू वाढवून दाखवले होते. म्हणून काहीजण अग्रमान त्यांना देतात. दोन्ही रीती एक मानणे मात्र पटत नाही. पेनिंग्ज यांचा तंतू द्रावातच वाढतो, तोही अतिशय संथपणे. स्मिथ–लेमस्ट्रा रीतीत आधी जेल होते आणि बळ नंतरच्या ताणण्यातून येते. असा तंतू शक्य आहे हे पेनिंग्ज यांनी दाखवले व तो कारखान्यात आणला डीएसएमने, ही वाटणी अधिक न्याय्य दिसते. डीएसएमचा डायनीमा नावाचा हा तंतू १९९० च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर निघू लागला. अमेरिकेतील स्पेक्ट्रा हा त्याच कुळातला.

गुंफण्याचे यंत्र म्हणजे लोखंडी गोफनृत्यच. धाग्याच्या अर्ध्या बॉबिनी (रिळे) उजवीकडून व अर्ध्या डावीकडून नागमोडी खाचेतून फिरतात, एकमेकींच्या आतून-बाहेरून जातात आणि वर मध्यभागी वेणी पडते. नाडी व बुटाच्या लेस याच जातीच्या यंत्रावर निघतात. ते प्रथम कोणी केले याबद्दल मतभेद आहेत. इंग्लंडमधील टॉमस वॉल्फर्ड यांचे १७४८ चे एकस्व (पेटंट) सामान्यतः सर्वांत जुने धरतात. जर्मन परंपरा बार्मेन गावाकडे बोट दाखवते. वेणी ओढून घेण्याचा वेग कमी ठेवला की वीण दाट होते, दोरी गोल व टणक बनते, पण उत्पादन मंदावते. सर्व बॉबिनींचा ताण सारखा हवा. एक जरी सैल पडली तरी तिचा धागा फुगून वर येतो, भार बाकीच्यांवर जातो आणि दोरी तिथेच तुटते. स्वस्त मालात बहुधा वीण व ताण यांतच काटकसर झालेली असते.

त्यानंतर दोरी गरम करून पुन्हा ताणतात व तिला लेप देतात. पॉलिएथिलीन रंग सहज धरत नाही. त्यामुळे रंग बहुधा लेपातच असतो व वापराने फिका पडतो.

जपानी मोजमापात १ क्रमांकाची दोरी २०० डेनियरची, म्हणजे ९,००० मीटरला २०० ग्रॅम. ती चार पदरी असेल तर प्रत्येक पदर ५० डेनियरचा, आठ पदरी असेल तर २५ चा. पदर जितके बारीक व जास्त तितकी दोरी गुळगुळीत.

ठाणे खाडीच्या काठी चेंदणी, दिवा, वाशी, बेलापूर येथील कोळी प्रामुख्याने जाळ्यांवर मासेमारी करीत आले आहेत. गुंफलेली दोरी मुख्यत्वे हौशी गरवणाऱ्यांकडे आढळते. ती फारशी ताणली जात नसल्याने माशाने आमिष तोंडात घेतल्याचे बोटाला लगेच कळते. मात्र ती गुळगुळीत असल्याने साधी गाठ घसरते, आणि जिताड्याच्या गालाच्या धारदार पात्याने किंवा कालवांच्या खडकाने ती कापली जाते. त्यामुळे गळाजवळ हातभर जाड तंगूस जोडतात.